आधी वाक्य पूर्ण होऊ द्या

माझ्या घरी फळा नाही. पहिल्यांदा येणारे पालक चारी भिंतींवरून नजर फिरवतात, पंख्याकडे बघतात, बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बघतात, मग माझ्याकडे बघून विचारतात, "क्लास इथेच होतो का?" इथेच होतो. एक टेबल, दोन खुर्च्या आणि बोलायला दोन माणसं. स्पॅनिश शिकवायला एवढं पुरतं. तिसरं माणूस आलं की बिघडायला लागतं.

पुण्यात स्पॅनिशची शिकवणी लागते कुणाला, असं काही वाचक विचारतील. आमच्या वेळी मुलं संस्कृत घ्यायची, कारण ते 'स्कोअरिंग'. आता बाणेर, कल्याणीनगरकडच्या परदेशी बोर्डाच्या शाळांत त्याच हिशेबाने स्पॅनिश घेतात. अक्षरं इंग्रजीचीच, आणि बहुतेक लिहिलंय तसं वाचायचं. नववीपर्यंत सगळं मजेत चालतं. अकरावी-बारावीला वरची पातळी घेतली की धाबं दणाणतं, कारण तिथे तोंडी परीक्षा असते. मुलासमोर एक चित्र ठेवतात. थोडा वेळ विचार करायला देतात. मग त्यानं त्या चित्रावर बोलायचं आणि शाळेतले शिक्षक बोलण्यातून प्रश्न काढत जातात. सगळं रेकॉर्ड होतं आणि बाहेरच्या परीक्षकांकडे जाऊ शकतं, त्यामुळे शाळेत ओळख असून उपयोग नाही. हे कळलं की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शोधाशोध सुरू होते आणि कुणाकडून तरी माझा नंबर मिळतो.

"स्पॅनिशचे सर आहेत का?"

"सर नाहीत. मी आहे."

"नाही, म्हणजे शिकवतात ते..."

"शिकवतात तीही मीच."

मग पुढचा ठरलेला प्रश्न. "मॅडम, आपण नेटिव्ह आहात का?"

"हो. विश्रांतवाडीची."

इथे निम्मे लोक फोन ठेवतात. उरलेल्यांना मी सांगते की मी कुणाच्या घरी जात नाही, शिकायचं असेल त्यानं आळंदी रस्त्याला यावं. तरीही जे उरतात ते 'डेमो'ला येतात. डेमो म्हणजे साडीच्या दुकानात पदर उलगडून दाखवतात तसा प्रकार. पसंत पडली नाही तर घडी घालायचं काम दुकानदाराचं. आडनाव ऐकल्यावर एखाद्याची भुवई हलते, ती मी बघून घेते. एका गृहस्थांनी अगदी प्रेमानं विचारलं होतं, "कांबळे मॅडम, आपल्याकडे स्पॅनिश कुठून आली?" मी म्हटलं, "तुमच्याकडे इंग्रजी आली तिथूनच. पोटापाण्यातून." त्यांचा मुलगा बारावीपर्यंत माझ्याकडे शिकला आणि छान बोलायला लागला. वडील मात्र पुन्हा वर आले नाहीत, खाली गाडीतच बसून राहायचे.

पण खरोखर कुठून आली, ते सांगायला हवं. त्यावाचून पुढची हकिगत कळणार नाही.

माझ्या लहानपणी विश्रांतवाडी म्हणजे शहराच्या कडेचं गावच होतं. वडील सरकारी कचेरीत कारकून. त्यांनी हट्टानं मला शहरातल्या शाळेत घातलं. एक दिवस मला फार उशीर झाला. बाईंनी दारातच विचारलं, "का गं उशीर?" मी म्हणाले, "बाई, माझा भाऊ आजारी हाय, म्हणून..."

"आहे," बाई म्हणाल्या. "हाय नाही. आजारी आहे."

मी म्हणाले, "आहे." वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "शाबास, बस जागेवर." भावाचं काय झालं, मी कशी आले, हे सांगायचं राहूनच गेलं. बाईंनीही परत विचारलं नाही.

बाई दुष्ट नव्हत्या. आपल्या शहरात दुसऱ्याची भाषा सुधारणं हे पुण्यकर्म समजतात. रस्त्यात पत्ता विचारा. आधी तुमचं वाक्य दुरुस्त करून मिळेल, मग पत्ता, आणि तोही चुकीचा. मी मात्र त्या दिवसापासून शाळेत बोलायची बंद झाले. उत्तर यायचं, हात वर जायचा नाही. मनात वाक्य जुळवायचं, तपासायचं, पुन्हा तपासायचं, तोवर दुसऱ्या कुणीतरी उत्तर दिलेलं असायचं. पेपरात पहिल्या काही मुलींत आणि वर्गात मुकी, अशी माझी सगळी शाळा गेली. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो घालवायचा मी प्रयत्नही करत नाही.

पुढे भोसरीच्या एका कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागले. गाड्यांचे सुटे भाग बनायचे. माल मेक्सिकोला जायला लागला तेव्हा साहेबांनी विचारलं, स्पॅनिश कोण शिकणार? संध्याकाळचा वर्ग होता, खर्च कंपनीचा. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मी हात वर केला. माझ्या झटकन लक्षात आलं होतं, की ह्या ऑफिसात, माझ्या गल्लीत, माझ्या ओळखीच्या सगळ्या पुण्यात ह्या भाषेतली माझी चूक कळेल असा एकही माणूस नाही. एवढं मोकळं वाटण्यासारखं मला तोवर काही मिळालं नव्हतं.

पहिला अवघड प्रसंग आला तो फोनवर. पेटीत भलतेच भाग निघाले म्हणून तिकडचं गिऱ्हाईक संतापलं होतं. मी तोडकंमोडकं बोलायला लागले, क्रियापदं एकीकडे आणि काळ दुसरीकडे. आणि तो एवढा तापलेला माणूस थांबला. माझं वाक्य संपेपर्यंत गप्प राहिला. मग म्हणाला, "सी, सेन्योरीता, कळलं," आणि पुन्हा ओरडायला लागला. फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन रडले. सहकाऱ्यांना वाटलं, तो फार बोलला म्हणून. तसं नव्हतं. कुणीतरी माझं वाक्य पूर्ण होऊ दिलं होतं.

नोकरी संपल्यावर शिकवणी सुरू केली ती ह्याच एका नियमावर. वाक्य पूर्ण होईपर्यंत कुणी मध्ये बोलायचं नाही. मीही नाही. चुकलं तरी वाक्य टोकाला न्यायचं. मग मी चूक सांगते, एका वेळी एकच. ह्यात माझी माया वगैरे काही नाही, साधा व्यवहार आहे. चुकलेल्या वाक्याचे थोडे गुण जातात. न बोललेल्या वाक्याला गुणच नसतात.

बाजारात दुसरीही पद्धत आहे, पाठांतराची. अर्णव नावाचा एक मुलगा होता. मी भाषण लिहून देत नाही म्हटल्यावर त्याच्या वडिलांनी ते दुसरीकडून लिहून आणलं. विषय प्रदूषण. पोरानं घडाघडा पाठ केलं. परीक्षेत चित्र आलं लग्नाचं. नवरा, नवरी, केक, नाचणारी माणसं. अर्णवनं त्या लग्नात प्लॅस्टिकचे पेले शोधून काढले आणि तिथून थेट नदीत उतरला. शिक्षकांनी विचारलं, नवरी खूश दिसते का? त्याला प्रश्न कळलाच नाही. ऐकून हसू येतं, पण मला त्या मुलाचं वाईट वाटतं. अतिशय हजरजबाबी पोरगा होता. त्याच्याकडे स्वतःची पुष्कळ वाक्यं होती, ती कुणी मागितली नाहीत.

आता ईरा.

ईरा बाणेरची, बारावीची. तिची आई मनीषा हिंजवडीला मोठ्या हुद्द्यावर. डेमोला दोघी आल्या. ईरानं तिचा निबंध माझ्या हातात दिला. चूक शोधून सापडेना. मग मी स्पॅनिशमध्ये सहज विचारलं, "इथे येताना वाटेत काय काय दिसलं?" ती खाली बघायला लागली. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. ते ओठ माझ्या ओळखीचे होते. आत वाक्याची तपासणी चालू होती. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "एल काये..."

"ला काये," आई म्हणाली. मोबाइलवर भाषांतराचं ॲप उघडून बसली होती.

ईरा थांबली. रस्ता स्त्रीलिंगी निघाला आणि रस्त्यावर काय दिसलं ते राहून गेलं.

मी म्हटलं, "ताई, आपण तोवर खाली भाजी बघता का? आमच्याकडे ताजी मिळते."

मनीषाला ते आवडलं नाही, पण गेली. ती गेल्यावर ईरानं मला तिची गोष्ट सांगितली, अर्थात इंग्रजीत. परदेशातल्या एका विद्यापीठानं तिला प्रवेश दिला होता, पण स्पॅनिशमध्ये वरची श्रेणी मिळाली तरच. लेखी तिनं डोळे मिटून काढलं असतं. तोंडीत अशी गप्प बसली असती तर मात्र सगळं बुडालं असतं. "मॅम, मला जायचंच आहे," ती म्हणाली. "तिथे मला कुणी ओळखत नाही." तिथे काय शिकायचंय, हे तिनं सांगितलं नाही. मला त्या पोरीचं तिथंच कळलं, आणि मी तिला घेतलं.

माझी शिकवणी अर्धी घरात होते आणि अर्धी रस्त्याच्या कडेच्या भाजीबाजारात. चित्रावर बोलायचं तर आधी हलत्याबोलत्या चित्रावर बोलावं, म्हणून मी मुलांना तिथे नेते आणि दिसेल ते स्पॅनिशमध्ये सांगायला लावते. रझियाभाभींच्या गाड्यापाशी आम्ही उभे राहतो. सासऱ्यांपासून त्यांचा हाच धंदा. ईरा पहिले काही दिवस नुसती वांग्यांकडे बघत राहायची. एकदा तिनं अर्धं वाक्य काढलं, ह्या बाईंचे हात हिरवे झालेत कारण... आणि अडकली. भाभींनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"मग? पुढं काय?"

ईरा गोंधळली. "तुम्हाला कळतंय?"

"नाही गं. पण तू कायतरी सांगत होतीस ना? सांग की. मी कुठं चालले?"

ईरानं सांगितलं. सकाळपासून मेथी निवडली म्हणून हात हिरवे झाले असतील, हे तिनं भलत्याच काळात आणि भलत्याच लिंगात सांगितलं, पण पूर्ण सांगितलं. भाभी मान हलवत राहिल्या आणि वाक्य संपल्यावर म्हणाल्या, "बरोबर आहे." रझियाभाभींना स्पॅनिश येत नाही. ऐकता येतं.

त्या दिवशी परत येताना ईरानं विचारलं, "मॅम, तुम्ही मध्ये का टोकत नाही?" मी तिला माझ्या शाळेतला प्रसंग सांगितला. तिनं विचारलं, "मग तुमच्या भावाचं काय झालं होतं?" तेवढ्यात तिची गाडी आली.

त्यानंतर ती बोलायला लागली. चुकत, अडखळत, पण टोकापर्यंत. इकडे मनीषाचे फोन सुरू झाले. "मॅडम, आम्ही मुलीला स्पॅनिशला पाठवतो आणि ती मेथी घेऊन येते." मी म्हटलं, "मेथी चांगली निघाली ना?" मग शाळेत तोंडीची सराव परीक्षा झाली. शिक्षकांनी शेरा दिला, चुका बऱ्याच आहेत, पण आता मोकळेपणी बोलते. मनीषानं स्वल्पविरामाच्या अलीकडचं वाचलं. मला मेसेज आला की आतापर्यंतच्या कष्टांबद्दल आभार, पुढच्या आठवड्यापासून ईरा येणार नाही. माद्रिदचे एक सर ऑनलाइन मिळाले होते. ते नेटिव्ह होते आणि प्रत्येक चूक तिथल्या तिथे सांगत.

अशी मुलं जातात. धंदा आहे, मी मनाला लावून घेत नाही. पण दोन आठवड्यांनी ईराचा व्हॉइस मेसेज आला, स्पॅनिशमध्ये. "मॅम, आज मला..." एवढंच, आणि मग नुसता श्वास. वाक्य तिथेच संपलं होतं. परीक्षा तोंडावर आली होती. मी चप्पल घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा विद्यार्थ्याच्या घरी निघाले.

रविवारची सकाळ होती. दार ईराच्या वडिलांनी उघडलं. मूळचे पेठेतले, आता आयटीत, बोलणं अगदी इस्त्री केलेलं. "या, या. आपण कळवून आला असतात तर बरं झालं असतं."

"कळवलं असतं तर तुम्ही घरी नसतात," मी म्हटलं आणि बसले.

मनीषा आली. तिच्यामागे ईरा, तिचे ओठ पुन्हा पहिल्यासारखे. मनीषा म्हणाली, "मॅडम, तुमच्याबद्दल आदर आहेच. पण हे सर एकही चूक सोडत नाहीत. तुम्ही सोडून देता."

"सोडत नाही. थांबते."

"पण चूक लगेच सांगितली नाही तर ती पक्की होते, असं माझं स्पष्ट मत आहे," वडील म्हणाले.

"असेल. मी भांडायला आले नाही. डेमो द्यायला आलेय. ईराला नाही, तुम्हाला. आणि स्पॅनिशमध्ये नाही, मराठीत."

भिंतीवर एक मोठा फोटो होता. धरणाकाठी तिघं उभी, ईरा दोन-अडीच वर्षांची, हातात कणीस. मी मनीषाला म्हटलं, "परीक्षेत असंच चित्र देतात. ह्याच्यावर बोला. घरचंच आहे, सोपं जाईल." ठरवून आले होते की ती बोलायला लागली की प्रत्येक शब्दाला टोकायचं, म्हणजे कसं वाटतं ते तिला कळेल. पण माझ्यावर ती वेळच आली नाही.

"हे आम्ही खडकवासल्याला गेलो होतो तेव्हाचं," मनीषा म्हणाली. "पाऊस पडत होता..."

"पाऊस नव्हता," वडील म्हणाले. "भुरभुर होती."

"हो, भुरभुर. आम्ही धरणाच्या भिंतीवर उभे होतो..."

"भिंतीवर नाही. भिंतीवर जाऊ देत नाहीत. खाली, रस्त्यावर."

"बरं, रस्त्यावर. तिथे एक कणीसवाल्या बाई होत्या, आणि ईरानं त्यांना..."

"कणीसवाल्या म्हणजे मक्याचं कणीस. ज्वारीलाही कणीस असतं. नेमकं बोलावं."

मी ईराकडे बघितलं. ती बापाकडे बघत नव्हती. आईकडे बघत होती, आणि बहुधा पहिल्यांदाच अशी बघत होती.

"मक्याची कणसं," मनीषा म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "तर ईरानं त्या बाईंना..."

"बाईंना की त्यांच्या मुलीला? मला वाटतं मुलगी होती ती..."

"अहो, बोलू द्या की मला!" मनीषा उठून उभी राहिली. "माझं वाक्य अजून चालू हाय!"

आणि तिनं चटकन तोंडावर हात धरला.

कात्रजच्या घाटापलीकडच्या एका गावची ती, हे तिनं मला नंतर सांगितलं. लग्न होऊन आल्यावर ह्या घरात तिचा 'हाय' कसा काढून टाकला गेला, तेही सांगितलं. कुणी रागावलं नव्हतं. हसत-हसत, जेवताना, पाहुण्यांसमोर, प्रेमानं. ऑफिसात ती मोठ्या मोठ्या लोकांशी इंग्रजीत भांडते. घरी मराठीत बोलायच्या आधी मात्र आतल्या आत तपासते. जे तिला मिळालं तेच ती लेकीला देत होती, चांगलं असतं असं समजून.

ते सगळं नंतरचं. त्या क्षणी मी वडिलांकडे बघितलं. त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. हे मी त्यांच्या बाजूनं नमूद करते.

"सांगा पुढे," मी मनीषाला म्हटलं. "कुणी मध्ये बोलणार नाही."

ती बसली. हात अजून तोंडाजवळच होता. आणि मग ईरा बोलली, अगदी रझियाभाभींच्या सुरात. "मग? पुढं काय?"

मनीषानं लेकीकडे बघितलं आणि सुरुवात केली. "तू त्या दिवशी वाटेतल्या प्रत्येक माणसाशी बोलत होतीस. कुणी ओळखीचं नाही, काही नाही. कुत्र्याशी बोललीस, पोलिसाशी बोललीस. आणि त्या कणीसवाल्या बाईंशी इतकी बोललीस, इतकी बोललीस, की त्या म्हणाल्या, बाई बाई, हिच्या बोलण्यापायी माझं कणीस जळालं. ते जळकं कणीस त्यांनी तुलाच दिलं. तेच तुझ्या हातात हाय."

ह्या वेळी तिनं तोंडावर हात धरला नाही. ईरा उठून फोटोपाशी गेली आणि जवळ जाऊन कणीस बघू लागली. खरंच काळं होतं. "मी अशी होते?" तिनं विचारलं. कुणाला उद्देशून विचारलं ते कळलं नाही. तिच्या बाबांनी उत्तर दिलं, "होतीस," आणि पुढे काही जोडलं नाही.

मी माझी पिशवी उचलली. डेमोचा निकाल मी विचारत नसते. त्याच संध्याकाळी ईरा भाजीबाजारात हजर होती आणि परीक्षेपर्यंत रोज येत राहिली. माद्रिदच्या सरांचं काय झालं, ते मला माहीत नाही.

ईराला हवी होती ती श्रेणी मिळाली आणि ती आता तिकडे आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण आपल्याकडचे वाचक निकाल कळेपर्यंत दुसरं काही मनावर घेत नाहीत. तोंडीत तिच्या चुका झाल्या. भरपूर झाल्या. पण माझ्यासाठी निकाल त्या कागदाच्या कितीतरी आधी लागला होता, तोंडी परीक्षा झाली त्याच दुपारी.

शाळेतून दोघी मायलेकी थेट माझ्याकडे आल्या. मनीषा स्वयंपाकघरातून तिसरी खुर्ची ओढून बसली. ह्या वेळी मी तिला भाजी बघायला पाठवलं नाही. ईराला एका घरातल्या जेवणाचं चित्र आलं होतं. टेबलाभोवती माणसं, प्रत्येकजण आपापल्या फोनमध्ये. त्यातल्या एका आजोबांच्या हातात फोन नव्हता. ईरानं त्यांच्यावरच बोलायला घेतलं, ते कुणाची वाट बघत असतील, त्यांना काय सांगायचं असेल. मध्येच शाळेतल्या सरांनी घड्याळ बघितलं आणि पुढचा प्रश्न विचारायला लागले.

"आणि मी म्हटलं," ईरा म्हणाली, "उन मोमेंतो. तोदाविया नो ए तेर्मिनादो." जरा थांबा, माझं अजून संपलेलं नाही.

"अगं, सरांना असं तोंडावर..." मनीषा दचकून म्हणाली.

ईरानं शांतपणे हात वर केला. "आई, माझं वाक्य अजून चालू हाय."

मनीषा लाल झाली. मग हसायला लागली, आणि हसता हसता पदरानं डोळे टिपायला लागली. ईरा चेष्टा करत नव्हती. तिला तो शब्द आवडला होता. आम्ही दोघी गप्प राहिलो आणि तिनं आजोबांचं सगळं सांगून पूर्ण केलं.

मग ती माझ्याकडे वळली. "मॅम, तुमचं राहिलं. तुमच्या भावाचं काय झालं होतं?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. ईरानं एकदा विचारलं तेव्हा गाडी आडवी आली. आता गाडी खाली उभी होती आणि दोघींपैकी कुणी उठत नव्हतं. मी त्यांना सांगितलं, सबंध एका वाक्यात, आणि कुणी मध्ये बोललं नाही. ते इथेही लिहिते. शाळेतल्या बाई आता नाहीत, पण त्यांच्यासारखे पुष्कळ आहेत. संपादकांना आणि मुद्रितशोधकांना सांगणं एवढंच की बाकीच्या लेखात काय दुरुस्त्या करायच्या त्या खुशाल करा, ह्या वाक्याला हात लावू नका.

"बाई, माझा भाऊ आजारी हाय, म्हणून आई त्याला घेऊन दवाखान्यात गेलीय, आन् बसचे पैसे तिलाच लागत व्हते, म्हणून मी विश्रांतवाडीपासनं येरवड्याच्या पुलावरनं एकटी चालत आले, पन शाळा चुकवली न्हाई."